शंभर दाणे

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यात दोन भाऊ राहत. आई एक, आडनाव एक, शेतामधला बांध एक. खोड मात्र दोघांची वेगळी. थोरल्याला कुठलीही वस्तू घेताना आधी तिच्यावरचं नाव दिसायचं, धाकट्याला आधी किंमत. थोरला म्हणायचा, ‘चांगल्याला पैसे पडतातच.’ धाकटा म्हणायचा, ‘वाचले तेवढे कमावले.’ दोघंही स्वतःला पक्के हिशेबी समजत, आणि त्यांच्या आईला दोघांचाही हिशेब अर्धवट वाटे.

आईनं पंचाहत्तरी ओलांडलेली. शाळा चौथीपर्यंत. पण घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवायचं की मोंढ्यात न्यायचं, हा निकाल तिच्याच हातात. मे सरत आला की ती पोती उघडायला लावायची. एकाच पोत्याचं तोंड सोडून भागत नसे. प्रत्येक पोत्यातून, वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ दाणे काढायचे, एकत्र कालवायचे आणि त्यांतून न निवडता शंभर मोजायचे. ‘न निवडता’ यावर तिचा फार कटाक्ष. नातवंडांपैकी कुणी टपोरे तेवढे उचलायला लागलं की हातावर चापट बसायची. मग ओलं गोणपाट अंथरून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, वरून दुसरं ओलं गोणपाट, सुरळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाण्याचा हबका द्यायचा. सहा-सात दिवसांनी सुरळी सोडून कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी तीस किलो पेरायचं. साठ ते सत्तरच्या मध्ये आले तर बी वाढवायचं. साठच्या खाली गेलं तर ते बी नव्हे, तेलाच्या गिरणीचा माल.

कृषी विभागही हेच सांगतो. सोयाबीन स्वपरागीकरणाचं पीक. एकदा चांगलं प्रमाणित बियाणं आणलं की त्याच्या उत्पन्नातलं घरचं बी पुढची दोन-तीन वर्षं बिनघोर चालतं. फक्त त्याची साल पातळ असते. पोतं आपटलं, थप्पी उंच लागली, मळणीयंत्र जोरात फिरलं, की आतला कोंब दुखावतो आणि दाणा वरून तसाच गोल, पिवळा, देखणा राहतो. बघून काहीच कळत नाही, म्हणून मोजायचं.

थोरल्याला हे गोणपाट मागासलेपणाचं वाटायचं. तो दरवर्षी नव्या कोऱ्या पिशव्या आणायचा, सगळ्यात मोठी जाहिरात ज्या कंपनीची तिच्या. 2020 च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी झाल्या, त्यात त्याचंही रान होतं. पंचनामा झाला, फोटो निघाले, दुबार पेरणी झाली. बांधापलीकडे धाकट्याचं घरचं बी उगवून आलं होतं. धाकट्याला वाटलं, आपण पैसे वाचवले म्हणून जिंकलो. आई म्हणाली, ‘पैसे वाचवले म्हून नाई उगवलं. मोजलं होतं म्हून उगवलं.’ धाकट्यानं ते ऐकलं आणि लगेच विसरला.

त्याच्या आदल्या वर्षी, 2019 मध्ये, थोरल्यानं मुलाला पुण्याला इंजिनिअरिंगला घातलं होतं. मुलगा हुशार. कॅपच्या, म्हणजे सरकारी सामाईक प्रवेशाच्या, फेरीत त्याला बऱ्या कॉलेजात जागा मिळत होती, ओबीसी म्हणून अर्धी फीही सुटली असती. पण थोरल्याला एका मोठ्या नावाच्या अभिमत विद्यापीठाचं माहितीपत्रक मिळालं. जाड कागद, काचेची इमारत, आणि पहिल्याच पानावर एका मुलाचा फोटो नि त्याखाली डोळे फिरतील असं वार्षिक पॅकेज. थोरल्यानं मेहकर रस्त्याकडची दोन एकर विकली, उरलेल्याला बँकेचं कर्ज काढलं. शाखा मुलाच्या मनासारखी मिळाली नाही, जी शिल्लक होती ती घेतली. ‘नाव महत्त्वाचं,’ थोरला म्हणाला. ‘शाखेचं कोण विचारते?’

नावाचं एक सांगतो. 1724 च्या ऑक्टोबरात याच साखरखेर्ड्याच्या रानात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला, दख्खन निजामाच्या हाती आलं, आणि विजयाच्या भरात त्यानं गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं. जिंकणाऱ्यानं, फौजफाट्यासह, स्वतः ठेवलेलं नाव. आज एसटीच्या कंडक्टरला फतेहखेर्ड्याचं तिकीट मागून पाहा.

असो. मुलगा गेला. आणि पुढच्याच वर्षी, मार्च 2020 मध्ये, टाळेबंदी लागून परत आला. काचेच्या इमारतीची फी पूर्ण भरलेली आणि पोरगा गावात, नेटवर्क सापडतं म्हणून माळवदावर चढून मोबाइलवर लेक्चर ऐकतोय, हे दृश्य गावानं पाहिलं. याला कॉलेजचा इलाज नव्हता, हे खरंच. पण थोरल्याच्या बायकोनं एकदा विचारलंच, ‘इथंच बसून शिकायचं होतं, तर दोन एकर कायले इकली?’ 2023 मध्ये तो पास झाला तेव्हा आयटी कंपन्यांनी हात आखडता घेतला होता. त्याच्या शाखेला कंपन्या मोजक्याच आल्या. पुढं आठ-नऊ महिन्यांनी त्याला पुण्यात नोकरी लागली, तीही वर्गमित्रानं आपल्या कंपनीत नाव सुचवलं म्हणून. पगार वाईट नाही. पण त्यातला मोठा घास दर महिन्याला बँक खाते.

आता धाकट्याकडं वळू. त्याची मुलगी 2025 ला बारावी झाली. घरची मोटर जळाली की वायरमनची वाट पाहत आठ-आठ दिवस जातात, डीपीवरचा फ्यूज उडाला की सगळी आळी काळोखात बसते, हे पाहत ती वाढलेली. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करायचं, हे तिचं दहावीपासून ठरलेलं. सीईटीत पर्सेंटाइल नव्वदीच्या पुढं आलं.

निकाल लागला त्याच आठवड्यात त्याच मोठ्या नावाच्या विद्यापीठातून फोन आला. गोड आवाजाची बाई, शुद्ध मराठी. ‘इलेक्ट्रिकल नाही, पण एआय-डेटा सायन्सला एक जागा आहे. शुक्रवारपर्यंत पन्नास हजार भरलेत तर पक्की.’ कॅपची नोंदणी अजून सुरू व्हायची होती, आणि नेमकी तेव्हाच ही घाई. मला विचाराल तर, ज्या दुकानदाराला गिऱ्हाइकानं शेजारच्या दुकानात डोकावलेलं चालत नाही, त्याच्याकडं दोन दिवस उशिराच जावं.

संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. थोरल्याचा अनुभव काय होता ते साऱ्या गावाला ठाऊक. तरी तो म्हणाला, ‘लहान्या, घालून टाक पुण्याले. नाव लागते बाप्पा. उद्या सोयरीक जमवताना कोणतं कॉलेज म्हणून इचारतील, तवा काय सांगशील?’ ज्या गोष्टीला माणसानं जमीन दिलेली असते, ती चुकीची होती असं म्हणायला त्याची जीभ लवकर वळत नाही. यात थोरल्याला हसण्यासारखं काही नाही.

धाकट्याचं दुसरंच. त्यानं मनाशी एक जवळचं कॉलेज धरून ठेवलं होतं. फी कमी, घरून जाणं-येणं, जेवण घरचं. ‘डिग्रीवर शिक्का विद्यापीठाचाच येते ना? मग कोठूनही झालं तरी काय?’

मुलगी गप्प होती. थोरल्याचा मुलगा सुट्टीवर आलेला होता, तोही गप्प होता. आजी आतून म्हणाली, ‘दोघंही पिशवीच पाह्यताहेत. एकानं वरचं चित्र पाह्यलं, दुसऱ्यानं मागची किंमत. आत काय हाये ते मोजा ना.’

‘कॉलेजचे दाणे कसे मोजायचे, माय?’ धाकट्यानं हसून विचारलं.

‘मी चौथी शिकलेली. ते ह्या दोघायले इचार,’ असं म्हणून तिनं नातवाकडं आणि नातीकडं बोट दाखवलं.

चुलत बहीण-भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन बसले. दादानं पहिली गोष्ट सांगितली ती अशी: माहितीपत्रकावरचा फोटो बघायचा नाही, तो टपोरा दाणा असतो. निवडून काढलेला. पॅकेजचा सर्वात मोठा आकडा म्हणजे शेकड्यांतल्या एका पोराची गोष्ट, आणि ते पोरगं बहुतेक कुठंही गेलं असतं तरी उगवलंच असतं. बघायचं ते बाकीच्यांचं काय झालं.

ते बघायची सोय आहे, आणि फुकट आहे, हे फार आईबापांना माहीत नसतं. 2016 पासून केंद्र सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी निघते. क्रमांक राहू द्या. त्यात भाग घेणाऱ्या कॉलेजला एक तक्ता भरून द्यावा लागतो आणि तो स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. किती मुलं घेतली, किती ठरल्या वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढं शिकायला गेली, आणि लागलेल्यांचा मध्य पगार किती. सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर मधोमध जो उभा राहील, त्याचा पगार तो मध्य पगार. जाहिरातीत हा मधला माणूस कधी दिसत नाही.

पुण्याच्या त्या कॉलेजचा तक्ता त्यांनी उघडला. मधल्या माणसाचा पगार माहितीपत्रकातल्या फोटोवाल्याच्या आसपासही नव्हता. वाईटही नव्हता. मुलीनं तो वहीत लिहून घेतला.

पण हा तक्ता सबंध कॉलेजचा असतो, शाखेचा नाही. इथं दादा स्वतः फसला होता, म्हणून त्यानं दुसरी खूणही सांगितली. नॅक आणि एनबीए अशा दोन पाट्या कॉलेजच्या दारावर असतात; लोक दोन्ही सारख्याच समजतात. नॅक सगळ्या संस्थेला दर्जा देतं, एनबीए एकेका अभ्यासक्रमाला. एका कॉलेजची मेकॅनिकल एनबीएत असेल आणि शेजारच्या खोलीतली नवी शाखा नसेलही. म्हणून आपल्या शाखेचं विचारायचं. आणि त्या शाखेतून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेली पोरं गाठायची. तीही कॉलेजनं दिलेल्या नंबरावरची नव्हेत. गावातून, सोयऱ्यांतून, मित्रांच्या मित्रांकडून आपण शोधलेली. न निवडता.

मुलीनं दोन-तीन दिवस फोनच फोन केले. एकानं कॉलेजवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. एक मुलगी इतकं गोड बोलली की संशय यावा. पण बहुतेकांनी नीट सांगितलं: प्रयोगशाळा किती वाजता बंद होते, मास्तर टिकतात की दर सहामाहीला बदलतात, मुलींच्या वसतिगृहात जागा खरंच मिळते की फक्त फॉर्मवर, शेवटच्या वर्षी कंपन्या शाखेला बसू देतात की नाही.

मग धाकट्याच्या आवडत्या, जवळच्या, स्वस्त कॉलेजची पाळी आली. तिथल्या इलेक्ट्रिकलला एनबीए नव्हतं. निम्म्या जागा रिकाम्या राहत होत्या. तिथून सुटलेल्या ज्या मुलांशी ती बोलली, त्यांतले बरेच पुन्हा कुठल्यातरी क्लासला बसले होते. तिनं वही बापापुढं ठेवली. धाकटा म्हणाला, ‘पण फी तर काहीच नाई ना बाई.’

आजी गहू निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘साठच्या खाली गेलेलं बी फुकट भेटलं तरी पेरू नोको. बियाचे पैसे वाचतील, पण रान तर त्याच्यातच अडकते ना? आन् हंगामही. पोरीची चार वर्षं कोण भरून देईन?’

धाकटा गप्प झाला. त्याच्या हिशेबात आजवर चार वर्षांची किंमत कधी धरलेलीच नव्हती.

आता पुण्याच्या बाजूची वजाबाकी राहिली. थोरल्याच्या आग्रहानं दोघं भाऊ आणि मुलगी बँकेत गेले. तिथला साहेब बरा माणूस. त्यानं कागद घेतला. फी, वसतिगृह, मेस धरून वर्षाला पाच लाखांचं कर्ज, चार वर्षांचे वीस. साडेसात लाखांच्या वर तारण लागेल: घर, प्लॉट किंवा ठेव. ‘शेती आम्ही सहसा घेत नाही.’ साडेदहा टक्के व्याज धरू. शिकतानाची चार वर्षं आणि वरचं एक वर्ष हप्ता नाही. थोरल्याचा चेहरा उजळला.

‘हप्ता नाही, साहेब, व्याज?’ मुलीनं विचारलं.

साहेबानं तिच्याकडं जरा निरखून पाहिलं आणि कागद पुढं ओढला. पहिल्या वर्षीच्या पाच लाखांवर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. सरळव्याजानं सात लाख 35 हजार. म्हणजे पहिला हप्ता सुरू होईल त्या दिवशी वीस लाखांचे सत्तावीस लाख 35 हजार झालेले असतील. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सदतीस हजारांच्या आसपास. पंधरा वर्षांत फेडायचे तर तीस हजारांच्या वर, आणि तेवढी वर्षं जास्त.

मुलीनं वहीत लिहिलेला मधला पगार काढला, बाराने भागला, पुण्यातल्या खोलीचं भाडं नि जेवण वजा केलं, आणि वही मिटली. धाकट्यानं मनात दुसराच भागाकार केला. पाच एकरांत गेल्या साली पस्तीस क्विंटल सोयाबीन झालं. हमीभाव 4,892 होता, पण मोंढ्यात गेलं ते चार-सव्वाचार हजारानं. हाती आले दीड लाखाच्या आत, आणि त्यातून बी, खत, फवारणी, मजुरी जायची होती. बाहेर येताना तो भावाला म्हणाला, ‘त्या वरच्या वर्षानंतर तिची नोकरी सहा महिने लांबली तरी ही शेती एक हप्तासुद्धा उचलू शकत नाई, भाऊ.’

थोरला काही बोलला नाही. दीड-दोन वर्षांपूर्वी, मुलाला नोकरी लागेपर्यंत, त्याच्या कर्जाचं व्याज तो शेतीतूनच ओढत होता.

तिसरी बाजू सरकारी. एक काळ असा होता की बुलढाणा जिल्ह्यातल्या पोराला इंजिनिअर व्हायचं तर अमरावतीचं सरकारी कॉलेज, 1964 चं, नाहीतर औरंगाबादचं, 1960 चं, नाहीतर थेट नागपूर-पुणे-मुंबई. जागा इतक्या थोड्या की मिळाली तीच भाग्याची. नाव की किंमत, हा प्रश्न पडायला दुसरा पर्यायच नसे. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. शेगावचं गजानन महाराजांच्या नावाचं कॉलेज त्याच वर्षीचं. पुढं चिखलीलाही झालं. जागा वाढल्या, त्यांबरोबर देणग्याही वाढल्या; 1987 मध्ये कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. 2015 च्या कायद्यानं खासगी कॉलेजांची फी ठरवायला नियामक प्राधिकरण आलं. आज जागांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो पारखून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा. आणि गिऱ्हाईक पारखत नाही म्हटल्यावर दुकानदार माल सुधारण्याऐवजी पाटीच रंगवणार, हा बाजाराचा नियम इथंही चालतो.

मुलीच्या बाजूनं आणखी एक गोष्ट होती. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. पण जागा कॅपमधून मिळालेली हवी. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही, खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. फोनवरच्या गोड आवाजाच्या बाईनं बाकी सगळं सांगितलं, एवढं मात्र नाही. मुलीनं अमरावतीचा आणि शेगावचा तक्ताही काढला, तिथल्याही पोरांना फोन केले. पुण्याशी तुलना केली तेव्हा काही बाबतींत पुणं सरस होतं, काहींत नव्हतं. फरक होता. पण तो सत्तावीस लाखांचा नव्हता.

शेवटचा वाद दादाच्या बोलण्यावरून झाला. तो म्हणाला, ‘मले नोकरी लागली ती तिथल्याच मित्रामुळं. म्हणजे नावाचा उपयोग झालाच की. सगळंच पाण्यात गेलं असं नका म्हणू.’

थोरल्याला जोर आला. ‘हेच तर सांगतो मी!’

आता हा मुद्दा खरा आहे, आणि जी बोधकथा तो लपवील ती लबाड म्हणावी लागेल. आजीनंही तो उडवून लावला नाही. ती म्हणाली, ‘सोयाबीनचं घरचं बी चालते. पऱ्हाटीचं चालते का?’

चालत नाही. कपाशीचं बियाणं आता संकरित. बोंडातली सरकी धरून पुढच्या वर्षी पेरली तर पीक आईबापावर जात नाही. 2002 मध्ये बीटी आलं तेव्हापासून तर दरवर्षी पिशवी घेण्यावाचून गत्यंतर नाही. तिथं पिशवीचे पैसे द्यावेच लागतात, आणि ते उधळपट्टीत धरत नाहीत.

दादानं ते लगेच उचललं. काही पदव्या पऱ्हाटीसारख्या. उद्या कुणी एमबीए करायचं म्हटलं, तर तिथं वर्गात शिकवलेलं पुस्तकातही मिळतं. विकत घ्यायचे असतात ते शेजारी बसणारे लोक आणि दाराशी येणाऱ्या कंपन्या, आणि त्या नावाकडं बघूनच येतात. अहमदाबादच्या आयआयएमला कर्ज काढून जाणारा वेडा नसतो. पण एमबीएची तीच तीन अक्षरं पाटीवर लावलेलं कुठलंही कॉलेज तेवढ्याच फीत घेणारा बहुधा असतो. आयआयटीचं तर आणखी वेगळं: नावही मोठं, आणि घरचं उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ, पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ. तिथं नाव आणि किंमत यांचं भांडणच मिटतं; फक्त आत शिरायला हवं. इलेक्ट्रिकल इंजिनिअरचं मात्र निराळं. महावितरणची भरती परीक्षेवर होते, गेटची परीक्षा सगळ्यांना एकच, आणि जळालेला ट्रान्सफॉर्मर कॉलेज विचारत नाही.

‘मग नावाचे पैसे देऊच नाई का?’ थोरल्यानं विचारलं. आवाज उतरलेला होता. तो खरंच विचारत होता.

‘द्यावे ना,’ आजी म्हणाली. ‘मी कधी म्हटलं नाव खोटं असते? आधी मोजावं, मग द्यावे. अन् आपल्या रानाले पेलतीन तेवढेच द्यावे.’

पन्नास हजार भरले गेले नाहीत. शुक्रवार गेला. सोमवारी पुन्हा फोन आला, ‘तुमच्यासाठी खास आणखी एक जागा निघाली आहे.’ मुलीनं तो स्पीकरवर टाकून सगळ्यांना ऐकवला. थोरला पहिल्यांदा हसला.

कॅपचा पर्याय अर्ज भरताना बापलेकीची एक चकमक झाली. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, पुढं बदल नाही. धाकट्याचा जीव शेवटपर्यंत जवळच्या कॉलेजात अडकलेला. तो म्हणे, मनाच्या समाधानासाठी तेवढं खाली कुठंतरी टाकून ठेव. तिनं टाकलं नाही. ‘बाबा, जिथं जायचंच नाई ते लिहू कायले?’ अमरावती इलेक्ट्रिकल पहिलं, शेगाव दुसरं, त्याखाली अजून काही. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर काढायला सिंदखेड राजाच्या तहसिलीत फेऱ्या झाल्या, त्या कुणाला चुकल्या आहेत? पहिल्या फेरीत शेगाव लागलं. तिनं ते सोडलं नाही, पण पुढच्या फेरीला थांबली. घरात धाकधूक. दुसऱ्या फेरीत अमरावती आलं.

तरी खर्च काहीच नाही असं झालं नाही. विकास शुल्क, अनामत, मेसची आगाऊ रक्कम, गादी, बादली, आणि लॅपटॉप. लॅपटॉप घ्यायला सगळे चिखलीला गेले. धाकट्यानं दुकानात शिरल्या शिरल्या विचारलं, ‘सगळ्यात स्वस्त कोणता?’ थोरल्यानं विचारलं, ‘सगळ्यात नावाची कंपनी कोणती?’ दुकानदारानं दोन्ही काढून ठेवले. मुलीनं दोन्ही बाजूला सारले, रॅम किती आणि वाढवता येते का ते विचारलं, बॅटरीची हमी किती ते विचारलं, आणि मग म्हणाली, ‘अमरावतीत सर्व्हिस सेंटर कोणाचं हाये? चार वर्षं मले तिथं राह्यचं हाये.’

दुकानदार म्हणाला, ‘राजापेठेत एकाचं आहे. पण त्यांचं मॉडेल या दोन्हींच्या मधलं आहे. दाखवू का?’

‘दाखवा,’ ती म्हणाली, ‘आणि बिल पक्कं द्या.’